साहेब शेजारच्या कोर्टात आहेत

आमच्या ताईला कोर्टात सगळे पासओव्हर म्हणायचे. तोंडावर नाही, मागून. पण तिला माहीत होतं. ताई म्हणजे माझ्या मावशीची मुलगी. मी कॉलेजसाठी मावशीकडेच राहते आणि कॉलेजही लॉचंच, त्यामुळे लेक्चर संपलं की मी ताईच्या ऑफिसात जाऊन बसायचे, फायली लावायचे. म्हणजे हे ऐकीव नाही, बरंचसं माझ्या डोळ्यांसमोर झालंय.

तर पासओव्हर का, ते आधी सांगते. ताई एका मोठ्या वकिलांची ज्युनियर होती. त्यांना सगळे नुसतं साहेब म्हणायचे. साहेबांकडे इतक्या केसेस की एकाच वेळी तीन-तीन कोर्टांत त्यांचा पुकारा व्हायचा. माणूस एक, कोर्टं तीन. मग जिथे साहेब नाहीत तिथे ताईने उभं राहायचं आणि म्हणायचं, साहेब शेजारच्या कोर्टात आहेत, पासओव्हर मिळावा. म्हणजे आत्ता ही केस बाजूला ठेवा, थोड्या वेळाने परत पुकारा. जज मान हलवणार, ताई बसणार. मग कधीतरी साहेब धापा टाकत येणार, गळ्यातला पांढरा बँड वाकडा, आणि मागून ताईच्या खुर्चीच्या पाठीवर पंजा ठेवणार. अंगाने भरपूर, त्यामुळे खुर्ची मागे कलायची. ताई वळून बघायचीच नाही. उठायची, बाजूला सरकायची, साहेबांना जागा द्यायची. पुढचं सगळं साहेब बोलणार.

इतकी वर्षं ताईने वकिली केली म्हणजे हे एक वाक्य केलं. आणि ते दरवेळी खरंही नसायचं. शेजारच्या कोर्टात म्हणून सांगितलेले साहेब एकदा खाली सलूनमध्ये मानेला फडकं बांधून बसले होते.

साहेबांची अजून एक गोष्ट. त्यांच्या दाढेत कायम लवंग असायची, पण ते ती चावायचे नाहीत. नुसती धरून ठेवायचे. समोरचा वकील खरोखर चांगला मुद्दा बोलला तरच चावायचे. कट. बस, एवढंच. शत्रूला सुद्धा द्यायचे तो कट. नवीन नवीन वकील जजकडे बघून नाही, तर साहेबांच्या जबड्याकडे बघून बोलायचे. ताईला तो कट कधी मिळाला नाही, कारण साहेबांसमोर ती बोलायला कधी उभीच राहिली नव्हती.

मग ताईने परदेशात मॅनेजमेंटच्या मास्टर्ससाठी अर्ज केला. कुणाला न सांगता. इंटरव्ह्यू व्हिडिओवर झाला, मी दाराबाहेर कान लावून उभी. तिकडच्या प्रोफेसरांनी विचारलं की तुम्ही तर वकील, आजपर्यंत मॅनेज काय केलंत. ताई म्हणाली, एक माणूस, एकाच वेळी तीन ठिकाणी. ते लोक इतके हसले की बाहेर ऐकू आलं. सीट मिळाली.

पहिल्या वर्षी ती गेलीच नाही. साहेबांना सांगायचं राहिलं म्हणून. कॉलेजने एकदा मुदत वाढवून दिली आणि स्पष्ट कळवलं की पुन्हा मिळणार नाही. मग मावशी भडकली. म्हणाली, तुझं लग्न लागलंय का त्या म्हाताऱ्याशी, जाऊन सांग की सरळ. तेव्हा कुठे ताईने सांगितलं. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "वकीलबाई, पुढच्या तारखेला बोलू."

हे ते सगळ्यांनाच म्हणायचे. पण ताईला त्यांनी खरंच तारखा द्यायला सुरुवात केली. सोमवारी बोलू. मग सोमवारी, आज नको, गुरुवारी. ताईचं जाणं म्हणजे त्यांच्या डायरीतली अजून एक केस झाली होती. शेवटची तारीख त्यांनी दिली ती कोर्टाच्या मोठ्या सुट्टीनंतरची. कोर्ट उघडलं की पहिल्या दिवशी, नक्की.

आणि सुट्टीतच साहेब वारले.

ऑफिसात, खुर्चीत, दुपारी जेवण झाल्यावर. ताई झेरॉक्स काढायला खाली गेली होती. वर आली तर साहेब डोळे मिटून बसलेले. तिला वाटलं डुलकी लागलीये, नेहमीचंच. ती समोर बसून काम करत राहिली, ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर जाईपर्यंत. मधे तिने त्यांना एकदा विचारलं सुद्धा, साहेब, या आजींच्या घराच्या केसमध्ये काय करायचं.

हे तिने मला नंतर सांगितलं, भांडी पुसता पुसता. मी म्हटलं, बाप रे, म्हणजे तू त्यांच्याशी बोलत होतीस आणि ते. ती म्हणाली हो. मग जरा थांबून म्हणाली, "पण उत्तर आलं होतं गं. म्हणाले, तारीख घे. मी लिहून पण घेतलं."

मी हसले. ती हसली नाही.

कोर्ट उघडलं. आता नियम काय, की वकील वारले तर कोर्टात उभं राहून तसं सांगायचं. मग जज पक्षकाराला नवीन वकील नेमायला वेळ देतात. तोवर ती केस साहेबांच्याच नावावर. साहेबांचा मुलगा दातांचा डॉक्टर, दुसरा ज्युनियर कुणी नाही, म्हणजे सांगणार कोण तर ताई. प्रत्येक कोर्टात एक वाक्य. ते झालं की ती मोकळी, आणि विमानाचं तिकीट पुढच्याच महिन्याचं होतं. तिने घरी आरशासमोर सराव केला. आमचे साहेब वारले. स्पष्ट, खणखणीत. मावशी आतून ओरडली की हो कळलं, आता जेवायला ये.

पहिल्या दिवशी आजींची केस. आजी म्हणजे साहेबांची सगळ्यात जुनी पक्षकार, पुतण्याने घरातून काढायला दावा लावलेला. कोर्टात जज नवीन होत्या, सुट्टीतच बदलून आलेल्या, त्यांचा क्लार्कही त्यांच्याबरोबर नवीन आलेला. साहेबांना त्या दोघांनी कधी पाहिलेलंच नव्हतं. पुकारा झाला. ताई उभी राहिली, तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं, "साहेब शेजारच्या कोर्टात आहेत, पासओव्हर मिळावा."

अख्ख्या कोर्टाला माहीत होतं साहेब गेले म्हणून. सगळ्या काळ्या कोटांनी खाली बुटांकडे पाहिलं. पुतण्याचे वकील म्हणजे चष्मेवाले काका, चाळीस वर्षं साहेबांशी भांडलेले आणि चाळीस वर्षं त्यांच्याबरोबर चहा प्यायलेले. हरकत घ्यायचं काम त्यांचं. ते अर्धे उठले, ताईच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, हरकत नाही. जजनी मान हलवली.

ताई बाहेर येऊन जिन्यात बसली. कुणी काही बोललं नाही तिला, उलट एकाने पाणी आणून दिलं. तिने ठरवलं, दुपारी परत पुकारतील तेव्हा सांगायचं, माफी मागायची. तोवर तिला खालच्या कोर्टात एक काम होतं. ते उरकून वर आली तर क्लार्क म्हणाला, तुमची केस झाली, तारीख पडली.

तिने विचारलं, कुणी घेतली तारीख?

"तुमचे साहेब आले होते ना. घेऊन गेले."

ताईने शांतपणे विचारलं म्हणे की कसे दिसत होते. क्लार्क म्हणाला, जाडे, पांढरे केस, बँड वाकडा. आता हे वर्णन कोर्टातल्या अर्ध्या वकिलांना लागू पडतं, हे मी तिला त्याच संध्याकाळी सांगितलं. मावशी पण म्हणाली की तो चष्मेवालाच असणार, केस लांबली तर त्याच्याच पक्षाचा फायदा, पक्का लबाड आहे तो. दुसऱ्या दिवशी ताईने काकांना गाठलं. काका खरंच लबाड आहेत, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा पांढरा होता. म्हणाले, "पोरी, मी हरकत घेतली नाही एवढंच माझं पाप. दुपारी मी कॅन्टीनमध्ये होतो."

पुढच्या आठवड्यात हेच दुसऱ्या कोर्टात झालं. मग तिसऱ्या. घरी वाक्य नीट यायचं, कोर्टात पुकारा झाला की दुसरंच यायचं. ती म्हणायची, मी बोलायला जाते आणि माझ्या आधी ते वाक्य उभं राहतं. मी म्हटलं कागदावर लिहून दे ना मग. तर म्हणे कागद दिला तरी जज विचारतात काय आहे हे, आणि मग सांगावंच लागतं. पासओव्हर मिळायचा. आणि दुपारी ती पोचायच्या आत तारीख पडलेली असायची. काही ठिकाणी क्लार्क जुने होते, साहेबांना ओळखणारे. ते तिच्या नजरेला नजर द्यायचे नाहीत. काही विचारलं तर म्हणायचे, आम्ही कामात होतो बाई, लक्ष नव्हतं.

आणि त्या तारखा. सगळ्या तिकडचं कॉलेज सुरू झाल्यानंतरच्या. एकही त्या आधीची नाही. साहेब असेच तारखा घ्यायचे, समोरच्याची अडचण बघून नेमकी त्याच्यावर.

मी हे सगळं मनाचे खेळ म्हणून सोडून दिलं असतं. खरंच. पण एक दिवस मी ऑफिसात एकटी होते. दुपार, पंखा चालू, बाहेर टायपिस्टची खटखट. साहेबांच्या टेबलाला आम्ही हात लावला नव्हता, नुसती बशी धुऊन ठेवली होती ज्यात ते लवंगेचे देठ टाकायचे. आजी आल्या. त्यांना कमी दिसतं, भिंतीला हात लावत येतात. बाकावर बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि एकदम खुशीत. मला वाटलं साहेब गेल्याचं यांना कुणी सांगितलेलंच नाही बहुतेक. कसं सांगू, कुठून सुरुवात करू, असं माझं चाललं होतं. तेवढ्यात त्याच म्हणाल्या की माझी काळजी मिटली बाई.

मी विचारलं, कसली काळजी?

त्या म्हणाल्या, "मी ऐकलं होतं आपली वकीलपोर परदेशात चाललीये. आत्ता जिन्यात साहेब भेटले, त्यांना विचारलं. म्हणाले, कुठे जात नाही ती."

मी जिन्यात जाऊन पाहिलं. खालपर्यंत. कुणी नव्हतं. फक्त लवंगेचा वास होता. आता तुम्ही म्हणाल खाली दुकान आहे, तिथून आला असेल. दुकान आहे, पण ते झेरॉक्सचं आहे.

परत वर आले तर आजी बशीकडे बोट दाखवून म्हणाल्या, तिकडे काहीतरी वाजलं बघ. बशीत एक देठ होता. ओला.

मी ताईला देठाचं सांगितलं नाही, पण आजींचं सांगितलं. तिने उठून कपाटातून सुटकेस काढली आणि उघडी करून पलंगावर ठेवली, रिकामीच. मावशी दारात आली. मला वाटलं आता ओरडणार, पण मावशी तिच्याजवळ बसली आणि हळू आवाजात म्हणाली, बाई, तारखेला दुसरा वकील उभा राहतो की, जग थांबत नाही. ताई म्हणाली, "आई, साहेबांची तारीख आहे आणि मी नाही, असं एकदाही झालेलं नाही." मावशीला राग यायला हवा होता. ती नुसती सुटकेसकडे बघत राहिली. तिलाही भीती वाटली होती हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी ताईने एक हुशारी केली. आजींची केस तिने अर्ज देऊन आधीच्या तारखेला बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या यादीत घेतली. विमानाच्या आदल्या आठवड्यात. आता ही शेवटची संधी होती. तिथे तोंडातून नीट वाक्य आलं तर बाकीच्या कोर्टांतही येणार, नाही आलं तर सुटकेस परत कपाटात, आणि सीट कायमची गेली. हे ती मला रिक्षात म्हणाली आणि म्हणाली तू माझ्या मागे बस.

म्हणून मी मागच्या रांगेत, बरोबर तिच्या खुर्चीच्या मागे. शेजारी आजी. समोर चष्मेवाले काका, चष्मा पुसत, पुसून झाला तरी पुसत.

पुकारा झाला. ताई उभी राहिली. म्हणाली, "साहेब."

आणि अडकली.

जजनी मान वर न करताच म्हटलं, शेजारच्या कोर्टात आहेत, हो ना? ठेवा बाजूला.

इतकं सोपं होतं. नुसतं बसायचं होतं. ताई म्हणाली, "नाही, मॅडम."

तेव्हा माझ्या गुडघ्यांना काहीतरी लागलं. मी खाली पाहिलं. ताईची रिकामी खुर्ची मागे कलली होती. पुढचे दोन पाय जमिनीपासून वर, आणि पाठ माझ्या गुडघ्यांवर टेकलेली. नुसती टेकलेली नाही. जड. पाठीवर कुणाचा हात नव्हता. मी दोन्ही हातांनी बाक धरला. आजी माझ्या शेजारी एकदम सावरून बसल्या, पदर नीट केला, जसं कुणी मोठं माणूस आल्यावर करतात तसं.

आणि ताईने वळून पाहिलं नाही. तिला कळलं होतं. इतक्या वर्षांची सवय, ती एक पाऊल बाजूला सरकली, जागा दिली. मला वाटलं संपलं, आता ती बसणार.

ती सरकली खरी, पण बसली नाही. त्या मोकळ्या जागेकडे न बघता, अगदी हळू, मला ऐकू येईल इतकंच म्हणाली, "साहेब, माझी तारीख कोर्ट उघडलं त्या दिवशीची होती. तुम्ही आला नाहीत."

मग मान वर केली आणि जजना म्हणाली, "मॅडम, आमचे साहेब वारले. सुट्टीत. मी इतके दिवस खोटं सांगितलं, माझी चूक आहे. आणि मी वकिली सोडून शिकायला जातेय, त्यामुळे या आजींना नवीन वकील नेमायला वेळ द्यावा."

जजनी चष्मा काढला. म्हणाल्या, मग मागच्या वेळी तारीख घेऊन गेले ते कोण? क्लार्क उठला. त्याने ताईच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि खाली बसला. चष्मेवाले काका उभे राहिले. मला वाटलं हरकत घेतात. पण ते म्हणाले की वेळ द्यावा, माझी हरकत नाही, आणि त्या मोकळ्या जागेसमोर किंचित मान झुकवली, जशी ते रोज साहेबांसमोर झुकवायचे.

माझ्या गुडघ्यांवरचं वजन कमी झालं. खुर्ची हळूच सरळ झाली, आवाज न करता. मी कान देऊन बसले होते. मला वाटलं आता तरी तो आवाज येईल, लवंगेचा. आला नाही.

बाकीच्या कोर्टांत तिने दोन दिवसांत सांगून टाकलं. कुठेच अडकली नाही. आजींची फाईल शेजारच्या ऑफिसातल्या वकीलबाईंनी घेतली, ताईने त्यांना सगळं बसून समजावलं. आजी तिला सोडायला जिन्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, साहेब रुसले असतील गं तुझ्यावर. ताई म्हणाली, असतील.

गेली ती. एअरपोर्टवर मावशी रडली नाही, घरी येऊन आरशासमोर रडली.

तिकडून ताई रोज फोन करते. म्हणते इथे सगळा अभ्यास गटात असतो, सारखं उभं राहून बोलायचं, आणि तिला ते जमत नाही. इतकी वर्षं दुसऱ्याचा पत्ता सांगितला, आता स्वतःचं मत विचारतात. पहिल्या महिन्यात गटातला एक मुलगा उशिरा आला तर हिने उठून सांगून टाकलं, तो शेजारच्या वर्गात आहे. आम्ही फोनवर हसून लोळलो. मग ती सहज म्हणाली, इथे शेजारची खुर्ची रिकामी असली की मी तिच्यावर बॅग ठेवते. का, ते मी विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात तिचं मोठं प्रेझेंटेशन होतं, एकटीचं, मार्कांचं. पाच मिनिटं आधी फोन आला. आवाज विचित्र. म्हणाली, "मी पाणी प्यायला गेले होते. आले तर बॅग खाली ठेवलेली. भिंतीला टेकवून, नीट. मी अशी ठेवत नाही गं."

मी म्हटलं कुणीतरी ठेवली असेल, तू बाहेर ये आधी.

ती म्हणाली, नको. असू दे. मग तिचा आवाज फोनपासून जरा लांब गेला, बाजूला वळल्यासारखा, आणि मला ऐकू आलं, "बसा साहेब. आज मी बोलणार आहे."

तेवढ्यात तिचं नाव पुकारलं. ती फोन बंद करायला विसरली, टेबलावर तसाच ठेवून गेली. मी पलंगावर बसून ऐकत राहिले. सगळं तिकडच्या उच्चारांत, मला निम्मं कळलं. सुरुवातीला अडखळली, मग बोलत गेली. काहीतरी प्रश्न आला, तिने उत्तर दिलं. दुसरा आला, त्याचंही दिलं. मग तिसऱ्या कुणीतरी जरा खवचट आवाजात काहीतरी विचारलं आणि ताई एक क्षण थांबली, आणि एकच वाक्य बोलली, छोटंसं.

वर्गात शांतता झाली.

आणि फोनच्या अगदी जवळ, तिच्या टेबलाशेजारच्या खुर्चीतून, कट.